जुन्या टू-स्ट्रोकची पारख

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रस्त्यावरून एखादी जुनी यामाहा आर. एक्स. १०० गेली, की पंचविशीतला मुलगाही मान वळवून पाहतो आणि पंचावन्न वर्षांचा गृहस्थही. मुलाने ती नवी असताना पाहिलेलीच नसते. गृहस्थाने पाहिलेली असते. पण त्या काळी खिशात पैसे नव्हते. आता दोघांनाही ती हवी आहे.

ही गाडी भारतात १९८५ साली आली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे बाजारात जी सर्वात तरुण असेल तिचेही वय तिशीला आले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून बाहेर पडलेल्या जावा आणि त्यानंतरच्या येझदी त्याहूनही वडीलधाऱ्या. तो कारखानाही १९९६ मध्येच बंद झाला. २०१८ नंतर याच नावांच्या नव्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या; पण त्या फोर-स्ट्रोक. तेव्हा जुन्या टू-स्ट्रोकचा तो आवाज आणि तो पिकअप ज्याला हवा, त्याला जुनीच गाडी शोधावी लागते. शोधणारे वाढले तशा किमती वाढल्या. चांगल्या आर. एक्स.ला लाखाच्या पुढे भाव सांगितला जातो. आणि भाव वाढला की रंगाचे डबेही जास्त उघडतात. टाकीला नवा रंग, मडगार्डला नवे क्रोम, सीटला नवे कव्हर. गाडी नवरीसारखी सजून उभी राहते आणि पाहणारा भुलतो.

या गाड्यांपैकी एखादी घ्यायची झाली तर ती कशी पारखावी, हे आज सांगायचे आहे. त्यातले मुख्य सूत्र आधीच सांगून टाकतो. जुनी टू-स्ट्रोक विकत घेताना आपण तिच्या मागच्या मालकाच्या सवयी विकत घेत असतो. रंग विकणाऱ्याने काल दिलेला असतो. सवयी इंजिनात वीस-वीस वर्षे साठलेल्या असतात. हे असे का, ते समजण्यासाठी या इंजिनाचा स्वभाव थोडा जाणून घ्यायला हवा.

आजच्या बहुतेक मोटरसायकलींत फोर-स्ट्रोक इंजिन असते. त्यात पिस्टन दोनदा वर आणि दोनदा खाली जातो तेव्हा एकदा इंधनाचा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात एक स्फोट. मिनिटाला सहा हजार फेरे होत असतील तर सेकंदाला शंभर स्फोट झाले. म्हणून शंभर सी.सी.पेक्षा जरा कमीच असलेली आर. एक्स. अकरा अश्वशक्ती देते आणि चढावर भल्याभल्यांना मागे टाकते. या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारी-मिटणारी यंत्रणा नाही. ब्लॉकच्या भिंतीतच खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वरखाली होताना त्या खिडक्या उघडतो आणि झाकतो. पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या खोलीत शिरते, तिथे दाबले जाते आणि मग वर जाते.

आता खरी गोम अशी, की क्रँकच्या खोलीतून पेट्रोलच जात असल्यामुळे तिथे फोर-स्ट्रोकसारखे ऑइल भरून ठेवता येत नाही. बेअरिंगला, पिस्टनला, रिंगला जे वंगण मिळायचे ते पेट्रोलबरोबर येणाऱ्या ऑइलमधूनच. येझदीसारख्या गाडीत हे ऑइल पंपावर पेट्रोल भरताना टाकीतच घालतात. लिटरमागे साधारण चाळीस मिलिलिटर. आर. एक्स.मध्ये त्यासाठी वेगळी छोटी टाकी आणि पंप असतो. म्हणजे या इंजिनाचे आयुष्य रोज मालकाच्या हातून मोजून पडणाऱ्या त्या ऑइलवर टांगलेले असते. महिनाअखेरीला पैसे कमी म्हणून ऑइल कमी टाकले, याची नोंद कुठल्या वहीत होत नाही; ती पिस्टनवर होते.

त्यामुळे गाडी पाहायला गेल्यावर पहिला प्रश्न ऑइलचा. कोणते टाकता, किती टाकता? आर. एक्स. असेल तर आणखी एक विचारावे : पंप चालू आहे की काढून टाकला? पुष्कळ गॅरेजांत हा पंप बिघडला की बंद करून टाकतात आणि मालकाला टाकीतच ऑइल मिसळायला सांगतात. त्यात गैर काही नाही. पण ते नव्या मालकाला माहीत हवे. त्याने बाजूच्या टाकीत ऑइल दिसते आहे असे समजून मुख्य टाकीत नुसते पेट्रोल भरले, तर पाच-दहा मैलांत इंजिन सीज होते. सीज होणे म्हणजे पिस्टन तापून फुगतो आणि ब्लॉकला धरून बसतो. इंजिन थांबते आणि त्याच्याबरोबर मागचे चाकही जाम होते. भरधाव गाडीचे मागचे चाक एकाएकी जाम झाल्यावर काय होते, ते सांगायला नको. जुनी टू-स्ट्रोक चालवणाऱ्याने एक गोष्ट हातात भिनवून घ्यावी : इंजिनाचा आवाज अचानक कोंडल्यासारखा झाला, की तत्क्षणी क्लच दाबायचा. चाक मोकळे होते आणि माणूस वाचतो.

दुसरा प्रश्न जरा आडून विचारावा : घाट उतरताना काय करता? लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण मिटून, गाडी गिअरमध्ये ठेवून, नुसती सोडून दिली, तर इंजिन जोरात फिरते पण पेट्रोल जवळजवळ जात नाही; आणि पेट्रोलबरोबरच ऑइलही जात नाही. कुंभार्लीसारखा घाट असा उतरला तर इंजिन कोरडे पडते. जाणकार मालक सांगतो, की मी मधून मधून जरा रेस देतो. ज्याला हा प्रश्नच कळत नाही, त्याच्या गाडीचा पिस्टन जास्त काळजीपूर्वक पाहावा.

प्रश्नोत्तरे झाली. आता गाडीकडे वळू. पण त्याआधी एक अट. गाडी थंड असली पाहिजे. मी येतोय, तोवर गाडी सुरू करू नका, असे फोनवरच सांगून ठेवावे. पोचल्यावर आधी ब्लॉकच्या पात्यांना हात लावावा. त्या कोमट लागल्या तर समजावे, की सकाळी कुणीतरी दहा-वीस किका मारून, चोक ओढून, धक्का देऊन तिला एकदा जागी केले आहे. गरम इंजिन सहज सुरू होते आणि आपले पुष्कळ दुखणे लपवते. अशा वेळी चहा घ्यावा, गप्पा माराव्यात, ती थंड होऊ द्यावी. विकणारा घाई करू लागला तर ती घाईसुद्धा एक माहितीच असते.

थंड इंजिनाची किक हाताने हळूहळू दाबून पाहावी. एका ठिकाणी हाताला चांगला रेटा लागला पाहिजे. तिथे वजन दिले तरी किक क्षणभर अडून मग सुटते. ही झाली कॉम्प्रेशनची घरगुती परीक्षा. किक लोण्यातून सुरी जावी तशी खाली गेली, तर रिंग झिजल्या किंवा ब्लॉक झिजला. मग किक मारावी. चोक देऊन दोन-तीन किकांत सुरू होणे हे चांगले लक्षण.

सुरू झाली की कान लावावा. मी कवितेच्या व्यवसायातला माणूस. मला वाटते, लय बिघडली की जिथे बिघडली ती जागा कानालाच आधी कळते. थंडपणी थोडी खळखळ सगळ्याच टू-स्ट्रोक करतात. हवेने थंड होणारी इंजिने आहेत, पिस्टन तापून जागेवर बसेपर्यंत वाजतोच. पण गरम झाल्यावरही पत्र्याच्या डब्यात खडे टाकल्यासारखा आवाज येत राहिला, तर पिस्टन ढिला झाला आहे. खालून, पोटातून, जड ठक-ठक येत असेल आणि रेस दिल्यावर वाढत असेल, तर क्रँकचे मोठे बेअरिंग गेले. पहिल्या दुखण्याचा खर्च सोसण्यासारखा असतो. दुसऱ्यासाठी इंजिन पूर्ण खोलावे लागते.

मग धूर. टू-स्ट्रोकचा धूर पाहून घाबरू नये. ऑइल जळते आहे तर धूर येणारच. सुरुवातीला निळसर-पांढरा येतो आणि इंजिन तापले की विरळ होतो. विरळ न होता दाट पांढरा लोट येतच राहिला, तर क्लचच्या बाजूचे ऑइल सील फाटलेले असण्याची शक्यता मोठी. त्या वाटेने गिअरचे ऑइल क्रँकच्या खोलीत ओढले जाते आणि जळते. दुसऱ्या बाजूला, मॅग्नेटकडे, असेच एक सील असते. ते गेले तर धूर येत नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. मिश्रणात हवा जास्त आणि ऑइल कमी होते, इंजिन तापते आणि पुढे सीज होते. हे ओळखायचे कसे? गाडी उभी असताना रेस देऊन मूठ पटकन सोडून पाहावी. आवाज लगेच खाली बसला पाहिजे. तो वरच तरंगत राहिला आणि सावकाश उतरला, तर हवा कुठून तरी शिरते आहे. सील म्हणजे काही शे रुपयांची रबरी चकती. पण तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर इंजिन जाते.

गाडी थोडी फिरवून आणल्यावर प्लग काढून पाहावा. टोकाचा रंग चहासारखा तपकिरी असेल तर बरे. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढराफटक असेल तर हवा जास्त. मिस्त्री लोक प्लग पाहून गाडीबद्दल बोलतात, तसे हकीम जीभ पाहून बोलत.

सोबत मिस्त्री नेला असेल, आणि न्यावाच, तर मालकाच्या परवानगीने आणखी एक परीक्षा करता येते. सायलेन्सरचे पुढचे नट सोडवून तो बाजूला केला, की पोर्टच्या खिडकीतून पिस्टन समोर दिसतो. बॅटरीचा उजेड टाकून पाहावे. गुळगुळीत असेल तर उत्तम. उभे खोल ओरखडे असतील तर हे इंजिन पूर्वी सीज होऊन गेले आहे, मग मालक काहीही सांगो. हेड उघडण्याची मुभा मिळाली तर पिस्टनच्या माथ्यावर कोरलेला आकडाही वाचता येतो. आर. एक्स.चा मूळ बोअर ५० मिलिमीटरचा. ब्लॉक झिजला की तो पाव-पाव मिलिमीटरने वाढवून मोठा पिस्टन बसवतात. माथ्यावर २५ असेल तर एकदाच बोअर झाला. १०० असेल तर शेवटची पायरी आली. पुढच्या वेळी नवा स्लीव्ह ठोकावा लागेल. गाडीचे खरे वय असे त्या आकड्यावर लिहिलेले असते. किलोमीटरच्या काट्यावर विसंबू नये. तो बदलायला अर्धा तास पुरतो.

सायलेन्सरचा विषय निघाला आहे तर त्याबद्दल थोडे. फोर-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर मुख्यतः आवाज दाबतो. टू-स्ट्रोकमध्ये तो इंजिनाचाच एक अवयव आहे. बाहेर पडलेल्या धुराची लाट सायलेन्सरच्या आकारावर आपटून परत येते आणि पोर्टमधून निसटू पाहणारे ताजे मिश्रण आत ढकलते. हे शास्त्र पूर्व जर्मनीच्या एम. झेड. कंपनीत वॉल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात पक्के केले. १९६१ साली त्याचा शर्यतपटू अर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळून गेला आणि ही विद्या घेऊन जपानच्या सुझुकी कंपनीत दाखल झाला. दुसऱ्याच वर्षी सुझुकीने ५० सी.सी.चे जगज्जेतेपद मिळवले. एवढे राजकारण ज्या नळकांड्यावरून झाले, ते आपल्याकडे आवाज मोठा यावा म्हणून आतली नळी काढून मोकळे करतात! त्याने आवाज वाढतो, ओढ कमी होते आणि पोलीस मात्र लवकर भेटतात. आतली नळी आहे की नाही, ते आवर्जून विचारावे.

आता जरा वेगळ्या जातीच्या गाड्यांबद्दल. पुण्याकडे, नाशिककडे मातीच्या शर्यतींचा शौक जुना. उंचसखल, चिखलाच्या रस्त्यावर गाड्या उडवत न्यायच्या. जगभर याला मोटोक्रॉस म्हणतात. हा खेळ १९२४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. १९६० च्या दशकात जड फोर-स्ट्रोक गाड्यांना हलक्या टू-स्ट्रोकनी मागे टाकले. बेल्जियमच्या जोएल रोबेरने २५० सी.सी.चे जगज्जेतेपद सहा वेळा मिळवले. त्यातली पहिली तीन चेकोस्लोव्हाकियाच्या सी. झेड. गाडीवर, म्हणजे आपल्या जावाच्या सख्ख्या चुलत बहिणीवर. परदेशात त्या काळच्या खास शर्यती गाड्या शौकीन लोक आजही शोधून घेतात. आपल्याकडे तशा गाड्या विरळा. आपल्या मुलांनी आर. एक्स. आणि शोगनसारख्या रस्त्यावरच्याच गाड्यांचे दिवे, मडगार्ड काढून त्यांना मातीत उतरवले.

अशी गाडी पुढे पुन्हा दिवे-मडगार्ड लावून बाजारात येते. ती ओळखता आली पाहिजे, कारण तिने खाल्लेला मार इंजिनापेक्षा सांगाड्यावर असतो. हँडलच्या खाली, जिथे चेसिसच्या नळ्या एकत्र येतात, तिथे वेल्डिंगचे डाग किंवा रंगाखाली गाठ दिसते का पाहावे. मागचा चिमटा हाताने आडवा हलवून पाहावा. खेळ असेल तर बुश गेले. पुढच्या शॉकअपच्या दांड्या बाजूने पाहिल्या तर सरळ रेषेत हव्यात. गाडी सरळ रस्त्यावर हलक्या हाताने चालवताना एका बाजूला ओढत असेल तर सांगाडा वाकलेला असू शकतो. शर्यतीसाठी पोर्टही कानसून मोठे करतात. अशी गाडी वरच्या वेगात उसळते, पण खालच्या वेगात मरगळते आणि पेट्रोल पिते. शर्यतीला ती ठीक. रोज कामावर जायला नव्हे. इंजिन पुन्हा बांधता येते, पण डोक्याजवळ तडकलेली चेसिस स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. तिथे पैशांचा नव्हे, जिवाचा हिशेब असतो.

हे सगळे पाहून झाले आणि गाडी आवडली, तरी पैसे देण्याआधी कागद. खरे तर कागद सर्वात आधी पाहावेत. मी शेवटी सांगतो, कारण शेवटचे लक्षात राहते. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर स्वतः वाचून आर. सी. बुकाशी अक्षर न् अक्षर ताडावेत. नंबराभोवती कानस फिरवल्याच्या खुणा, जाड रंग, वेडेवाकडे आकडे दिसले तर नमस्कार करून निघावे. कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून एकाचे इंजिन आणि दुसऱ्याची चेसिस आणून उभी केलेली गाडी दिसायला एकच असते. कायद्याला ती दोन दिसतात. इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद आर. सी.वर हवी. गाडी चोरीची आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येते. दुसऱ्या राज्याची गाडी असेल तर तिथल्या आर. टी. ओ.चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. हस्तांतरासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म त्याच दिवशी भरून घ्यावेत.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी करावे लागते. ते झाले आहे का, पर्यावरण कर भरला आहे का, १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली नवी उच्च सुरक्षा पाटी बसवली आहे का, पी. यू. सी. आणि विमा आहे का, हे पाहावे. विकणारा व्हिन्टेज गाडी आहे असे म्हणाला तर हसून घ्यावे. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिन्टेज वाहनांचे नियम केले. त्यांत पन्नास वर्षांची अट आहे. त्या हिशेबाने सर्वात जुनी आर. एक्स. १०० देखील २०३५ साली व्हिन्टेज होईल. शिवाय अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही.

एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. ही गाडी हवा घाण करते. ताज्या मिश्रणाचा बराचसा भाग न जळताच सायलेन्सरमधून निसटतो. धुराचे नियम कडक होत गेले तसे हे इंजिन रस्त्यावरून हटले ते उगाच नव्हे. तेव्हा जुनी टू-स्ट्रोक ठेवायची तर ऑइल बरोबर मापाचे, सील धड, सायलेन्सर पूर्ण, आणि फेरी बेताची, एवढे तरी पाळावे. शेजारच्या घरात दम्याचा माणूस असेल तर सकाळी दारात रेस देत उभे राहू नये.

किंमत ठरवताना साधा हिशेब करावा. बाजारभावातून रिंग-पिस्टन, बोअर, सील, टायर आणि थकलेले शुल्क यांचा खर्च वजा करावा. क्रँकबद्दल शंका असेल तर तोही धरावा. उरेल ती किंमत सांगावी. ती मान्य झाली नाही तर दुसरी गाडी पाहावी. आणि ज्या मालकाने थंड गाडीला आपल्यासमोर किक मारू दिली, प्लग काढू दिला, ऑइलचे माप न अडखळता सांगितले, आणि फाटके का होईना पण खरे आर. सी. बुक पुढे केले, त्याच्या गाडीचा रंग उडालेला असला तरी तीच घ्यावी. रंग कधीही देता येतो.